पंधरा बंदुकांची किल्ली

यमनाने कुणाचा हात हातात घेतला की परगावच्या माणसाला वाटायचं, बाई भविष्य सांगते. पण त्या माणसाच्या लग्नाशी किंवा नशिबाशी तिला काही देणंघेणं नसे. ती त्याच्या तळव्यावर अंगठा फिरवायची, अंगठा जिभेला लावायची आणि निकाल द्यायची.

"खारट. लोखंडाला हात लावायचा नाही. लांब बस."

किंवा, "गोडा हात आहे. ये, ही धर."

ऐन लहजर या गावात या निकालाविरुद्ध कुठे दाद मागायची सोय नव्हती. मोठ्या जमीनदारालाही तिने लांब बसवलेलं. काही माणसांच्या घामात इतकं मीठ असतं, की त्यांनी सकाळी नळीला हात लावला तर संध्याकाळी तिथे त्यांची पाच बोटं लाल उमटतात. हे तिला वडिलांनी शिकवलं होतं. वडील म्हणजे उस्ताद लकबीर. तीन जिल्ह्यांत त्यांच्याइतका बंदुका जाणणारा माणूस नव्हता. त्यांना चार मुली. तिघी चहा आणून ठेवायच्या आणि निघून जायच्या. यमना चहा आणायची आणि तिथेच बसायची. बारा वर्षांची असताना ती डोळे मिटून, नुसत्या टिचकीच्या आवाजावरून, नळी आतून स्वच्छ आहे की नाही ते सांगायची.

पुढे तिचं लग्न हम्मादी नावाच्या बस कंडक्टरशी झालं. त्याच्या कपड्यांना डिझेलचा वास, हिच्या हातांना मेंढीच्या चरबीचा. "आमच्या घरात अत्तर टिकत नाही, घाबरून पळून जातं," असं हम्मादी सांगायचा. माणूस हसरा होता आणि लवकर गेला. त्यानंतर यमना सकाळी गावच्या भट्टीवर जवाच्या भाकऱ्या भाजायची आणि दुपारी बंदुकांपाशी बसायची. मरण्याआधी उस्तादांनी गजांची आणि ब्रशांची पेटी जुन्या मुकद्दमसमोर ठेवली होती. मुकद्दम म्हणजे गावच्या घोडेस्वारांच्या पथकाचा म्होरक्या. त्याने विचारलं, "उस्ताद, ही पेटी सांभाळायला मुलगा असता तर बरं झालं असतं, नाही?" उस्ताद म्हणाले, "मुलगा नाही. ही आहे." आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. त्या दिवसापासून पथकाच्या पंधरा बंदुका यमनाच्या, आणि यमना पथकाची 'लल्ला', म्हणजे मानाची बाई.

त्या पथकाचा काय रुबाब! पंधरा घोडे, पंधरा पांढरे झगे आणि पंधरा लांबलचक बंदुका. नुसती दारू भरायची, गोळी नाही. उरुसाच्या मैदानावर एका ओळीत घोडे सुटायचे, शेवटच्या टप्प्यात स्वार रिकिबीत उभे राहायचे आणि मुकद्दमच्या एका हाकेला पंधराही चाप ओढायचे. पंधरा बंदुकांचा एकच बार झाला पाहिजे. एक म्हणजे एकच, ऐकणाऱ्याला दुसरा ऐकू येता कामा नये. तसा झाला तर बायका तोंडावर हात मारून असा काही जल्लोष करायच्या की घोडेसुद्धा मान वळवून बघायचे. आणि लाह्या फुटल्यासारखा तडतड झाला, तर वर्षभर बाजारात दुकानदार विचारायचे, "काय, लाह्या हव्यात?"

आताचा मुकद्दम रहाल. जुन्या मुकद्दमचा मुलगा. वय सहासष्ट, घोड्यावर बसला की तीस. आवाज असा, की हाक मारली तर शेजारच्या गावातली माणसं ओ द्यायची.

मग सलग दोन वर्षं पाऊस पडला नाही. उरूस रद्द झाले. ज्यांच्या विहिरीला पाणी होतं त्यांच्याकडे घोडे ठेवले गेले. तरणी माणसं कासाब्लांकाला बांधकामावर आणि अगादीरकडे टोमॅटोच्या शेडमध्ये कामाला गेली. घरांना कुलपं लागली. रिकाम्या घरात बंदूक ठेवणं चालणार नव्हतं. इलाख्याच्या अधिकाऱ्याने फर्मान काढलं : सगळ्या बंदुका एका खोलीत, एका कुलपात, कागदावर एकाच माणसाचं नाव. गजाची खिडकी आणि लोखंडी दार असलेली खोली होती रहालच्या चुलतभावाच्या घरी. ती कुठे, तर उलजाला. ऐन समुद्रावर. लाट फुटली की तिचे तुषार उंबऱ्यापर्यंत यायचे. तिथे दाराची कडीसुद्धा वर्षाला बदलावी लागे.

पथकाची बैठक रहालच्या अंगणात बसली. रहालच्या बहिणीचा मुलगा जवाद शहरातून आला होता. चाळिशीचा, नीटनेटका, शिकारीच्या सामानाचं दुकान होतं त्याचं. त्याने फवाऱ्याचे डबे सतरंजीवर ओळीने मांडले.

"मामा, हे बघा. दाबलं, फवारलं, विसरलं. लल्ला यमनांबद्दल मला आदर आहे, पण चरबी आणि मेण? पाऊस येईपर्यंत? समुद्रावर?"

माना हलायला लागल्या. यमनाने त्या माना मोजल्या. सात हलल्या होत्या, आठवी विचार करत होती.

"जवाद," ती म्हणाली, "तुझा हात दे."

"लल्ला, आता मस्करी..."

"दे."

अंगठा फिरला, जिभेला लागला. "समुद्र आहे नुसता! बंदुका उलजाला कशाला न्यायच्या, तुझ्या मुठीत ठेवल्या तरी तेच." हशा झाला. हसणं ओसरल्यावर ती शांतपणे म्हणाली, "मुकद्दम, कागदावर माझं नाव लिहा. पाऊस पडेल त्या वर्षी, सगळ्यांसमोर दार उघडू. पंधरांतल्या एका नळीवर जरी गंज दिसला, तरी किल्ली जवादची. पेटीसुद्धा. मी भाकऱ्या भाजीन."

"शब्द?" रहालने विचारलं.

"शब्द."

तीन दिवस तिच्या घरातून धूर निघत होता. मेंढीच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी ती तीनदा कढवायची, तीनदा गाळायची. शेजारणी मदतीला आपापल्या घरची चरबी घेऊन आल्या. तिने ती परत पाठवली, कारण स्वयंपाकाच्या चरबीत मीठ असतं. चरबीत मेण पडलं, हातांवर फडकं आलं, आणि एकेक नळी आतून-बाहेरून माखली गेली. नळीच्या तोंडाला मेणाचं बूच. सगळं ठीक चाललं होतं. मग ती म्हणाली, "गवसण्या घरी न्या."

बंदुका न्यायला तिच्या अंगणात जमलेल्या स्वारांनी हातातल्या गवसण्या घट्ट धरल्या.

गवसण्या म्हणजे काय साधी गोष्ट! प्रत्येक स्वाराच्या बायकोने नाहीतर आईने मखमलीवर जरीचं काम करून शिवलेली. बंदूक घरात येताना गवसणीतून येते, जाताना गवसणीतून जाते. उघडी बंदूक फक्त मैदानावर.

"लल्ला, म्हणजे आमच्या बंदुका परक्या घरी नागड्या राहायच्या?" बूशता म्हणाला. हा पथकातला सगळ्यांत जाडा आणि सगळ्यांत तोंडाळ.

"हो."

"पाऊस येईपर्यंत?"

"तुझी बंदूक तुझ्याहून दिसायला बरी आहे. तिला लाजायचं कारण नाही."

"पण का?"

"कापड समुद्राची हवा पितं आणि लोखंडाला पाजतं. जरीची तार तर मीठ धरूनच ठेवते. कातडं त्याहून वाईट. लोखंडाला वर चरबी हवी आणि भोवती कोरडी हवा. बाकी कुणी त्याला मिठी मारायची नाही."

सगळे रहालकडे बघायला लागले. त्याच्या गवसणीवर आठ टोकांचा तारा होता. त्याच्या बायकोने, मीलूदाने, सात आठवडे खपून भरलेला. मीलूदाच दारातून हसत म्हणाली, "नेऊ दे तिला उघडीच. माझा तारा माझ्याजवळ राहील." मग बाकीच्यांनीही गवसण्या घडी घालून काखेला मारल्या.

उलजाच्या खोलीत बंदुका लाकडी फळीवर उभ्या राहिल्या, तोंडं खाली, म्हणजे चरबी ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरायला नको. चार कोपऱ्यांत मातीच्या चार मडक्यांत कळीचा चुना. चुना हवेतली ओल खातो, फुगतो, त्याची पीठ-पीठ भुकटी होते. भुकटी झाली की बदलायचा. दर दोन महिन्यांनी यमना मांडीवर चुन्याचा डबा घेऊन बसने उलजाला जायची, हम्मादीच्या जुन्या ओळखीवर पुढच्या सीटवर बसून. खोली उघडायची, नाकाने वास घ्यायची, चुना बदलायची, परत यायची. किल्ली गळ्यात.

दुसऱ्या हिवाळ्यात त्याच बसच्या पायरीवरून ती पडली आणि गुडघा मोडला. पाच महिने खाटेवर. तेव्हा तिने गळ्यातली किल्ली काढून एकाच माणसाच्या हातात दिली, रहालच्या. तो म्हणाला, "तू पडून राहा. चुना मी बदलतो." त्याच हिवाळ्यात मीलूदा गेली. तीन दिवसांचा ताप, संपलं. चाळिसावा झाला, आणि दुसऱ्याच दिवशी रहाल चुन्याचा डबा घेऊन उलजाला गेला. गाव म्हणालं, काय माणूस आहे, दुःखातसुद्धा काम विसरला नाही.

त्यानंतर पाऊस आला. असा आला की विहिरी काठोकाठ भरल्या. सिदी मसऊदच्या उरुसाची तारीख ठरली. माणसं शहरांतून परतली. किल्ली यमनाकडे परत आली. उरुसाला चार दिवस असताना, भर दुपारी, पंधरा स्वार, जवाद आणि काठी टेकत यमना, असे सगळे उलजाच्या त्या दारासमोर उभे राहिले. जवादने या वेळी डबे आणले नव्हते. नुसती रिकामी पिशवी आणली होती, पेटी न्यायला.

कुलूप फिरलं. आतून चरबीचा आणि कोरड्या चुन्याचा वास आला. यमनाने तो छाती भरून घेतला आणि तिचे खांदे सैल झाले.

पहिली बंदूक. तिने पांढरं फडकं नळीवरून ओढलं आणि सगळ्यांना दाखवलं. फडक्यावर पिवळट चरबी, आणि खाली लोखंड, नुकत्याच धुतलेल्या घोड्याच्या पाठीसारखं चमकणारं. दुसरी तशीच. पाचवी, सहावी. दहाव्या बंदुकीला बूशता टाळ्या वाजवायला लागला. बाराव्याला जवादने पिशवीची घडी घालून खिशात ठेवली. चौदा झाल्या.

पंधरावी रहालची. त्याच्या आजोबांची, चांदीच्या कड्यांची. यमनाने फडकं ओढलं आणि तिचा हात थांबला. फडकं तांबडं झालं होतं.

तिने नळी उजेडाकडे केली. मागच्या अंगाला, जिथे दारू पेटते त्याच्या जरा पुढे, लोखंडावर आठ टोकांचा तारा उमटला होता. टाक्यांसकट. जरीच्या ज्या ज्या फेऱ्याने चरबी पुसली गेली होती, तिथे तिथे गंजाने तो फेरा जसाच्या तसा गिरवला होता.

गवसणी खोलीत नव्हती. म्हणजे ती घातली गेली होती, आणि काढलीही गेली होती. यमनाने वर बघितलं. रहाल समुद्राकडे बघत होता. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

तिने बंदूक फिरवून तारा भिंतीकडे केला.

"पंधराव्या नळीवर गंज आहे," ती म्हणाली. गळ्यातली किल्ली काढली आणि चुलतभावाच्या बायकोने दारापाशी मांडलेल्या चहाच्या तबकात, साखरेच्या शेजारी ठेवली.

घरच्या बाईने उगाच पेले विसळले. जवाद मात्र मनापासून म्हणाला, "लल्ला, चौदा राखल्यात, हेच खूप आहे. तुमचा पाय मोडला होता. तुमच्या जागी कुणीही..."

"चहा ओत," यमना म्हणाली.

ती एक वाक्य बोलली असती तर किल्ली पुन्हा गळ्यात आली असती. पण माणसाने बायको गेल्यावर काय केलं, ते चौदाजणांसमोर साखरेच्या तबकात मांडायची गोष्ट नव्हती. मांडायची तर त्याने स्वतः मांडावी. आणि तो मांडेल, याबद्दल तिला शंका नव्हती. चाळीस वर्षं ओळखत होती ती त्याला. याला वेळ लागतो, एवढंच. घोड्यावर चढायलाही हा आधी दोन चकरा मारतो.

पहिला पेला संपला. रहाल समुद्राकडेच. दुसरा संपला. यमनाने फुंकर मारून फेस बाजूला केला, शांतपणे, घरी बसल्यासारखी. तिसरा पेला ओतला गेला आणि जवादचा हात तबकाकडे गेला.

"हात काढ," रहाल म्हणाला.

"मामा, शब्द होता..."

"हात काढ म्हणतो ना! त्या किल्लीने ती खोली मी उघडली होती. गंज माझा आहे." तो वळला. त्या प्रसिद्ध आवाजाचा आता कसाबसा घोगरा आवाज उरला होता. "चाळिसाव्यानंतर आलो चुना बदलायला. तिची गवसणी बरोबर आणली होती. का आणली, विचारू नका. घरात ती गवसणी रिकामी पडलेली बघवेना, आणि इथे ही उघडी बघवेना. घातली. म्हटलं, एकीने काय होतंय! किल्ली परत द्यायच्या आधी येऊन गुपचूप काढून नेली. यमना ओरडेल म्हणून."

यमनाने बंदूक फिरवली. तारा सगळ्यांनी बघितला. बूशताने नाक पुसलं आणि म्हणाला, "वा मुकद्दम! आमच्या बिचाऱ्या दोन वर्षं थंडीत कुडकुडतायत, आणि तुमचीला मखमल!"

रहाल हसला. मग सगळेच हसले, जरा जास्तच जोरात. जवादने वाकून ताऱ्यावरून नख फिरवलं. "माझा फवाराही मखमलीखाली टिकला नसता," तो म्हणाला. त्याने स्वतःच किल्ली उचलली, बाहीला पुसली आणि दोन्ही हातांनी यमनापुढे धरली.

"पुसलीस ते बरं केलंस," ती म्हणाली.

यमना बंदुका घेऊन गावी परतली. दोन दिवस तेल आणि चाळलेली राख घेऊन ती त्या ताऱ्यावर बसली. लाली गेली, टाके गेले. पण एक टोक लोखंडात खोल उतरलं होतं, नेमकं तिथे जिथे बार उडताना जोर पडतो. तिने सुई टेकवून बघितली. सुईचं टोक अडकलं. पुन्हा टेकवली, पुन्हा अडकलं.

उरुसाच्या आदल्या संध्याकाळी रहाल बंदूक न्यायला आला. तिने ती हातात दिली आणि म्हणाली, "ही वाजणार नाही."

"बिघडलीय?"

"बिघडलेली नाही. दुखावलीय. वाजवली तर फुटेलही, न फुटेलही. तुमचा डावा डोळा तिच्यापासून वीतभर असतो. मी परवानगी देत नाही."

"तू?" रहाल ताडकन उभा राहिला. "अगं, खरं बोलून तुझी किल्ली मी वाचवली, आणि तू पहिलं कुलूप मलाच घालतेस?"

"मग किल्ली कशाला असते?"

"दुसऱ्याची बंदूक घेऊन मुकद्दम मैदानात उतरत नाही. चौदाजणांचं पथक कुणी उतरू देत नाही. मी काय करू, झेंडा धरून उभा राहू?"

"हीच धरा. पण भरू नका."

रहालने तिच्याकडे असं बघितलं, जणू तिने त्याला लाकडी घोड्यावर बसायला सांगितलं होतं. "लोक मोजतील, यमना."

"एकत्र वाजल्या तर कोण मोजणार? तुमची हाक चोख असली तर चौदा आणि पंधरा ऐकायला एकच. आणि नसली, तर बंदूक भरून तरी काय उपयोग?"

तो फुरफुरला, अंगणात दोन चकरा मारल्या आणि बंदूक घेऊन गेला. ती रिकामीच राहणार होती. स्वारांना काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सिदी मसऊदच्या मैदानावर माणूस मावत नव्हता. दोन वर्षांचे भुकेले लोक! यमना दोरीपाशी उभी होती, काठीवर दोन्ही हात, डोळे मिटलेले. तिला बघायचं नव्हतं, ऐकायचं होतं. टापा सुरू झाल्या, दाटल्या, जमीन तिच्या मोडक्या गुडघ्यात धडधडायला लागली. आणि मग रहालची हाक आली. मीलूदा गेल्यापासून असा आवाज त्याच्या गळ्यातून निघाला नव्हता.

एक.

एकच. आभाळाचं दार कुणीतरी एका दणक्यात लावावं तसा. मागून ना चुकार बार, ना तडतड. यमनाने डोळे उघडले, तर समोर नुसता पांढरा धूर आणि धुरातून बाहेर येणारे पंधरा घोडे. बायकांनी रान उठवलं. शेजारचा एक म्हातारा तिचा खांदा हलवत ओरडत होता, "पंधराचा एक! ऐकलंस? पंधराचा एक!"

"ऐकलं," यमना म्हणाली आणि लंगडत तंबूकडे निघाली.

तिचं खरं काम आता होतं. जळालेल्या दारूची काजळी हवेतली ओल ओढते, रात्रीपर्यंत तशीच राहिली तर सकाळपर्यंत नळी आतून कुरतडते. म्हणून बार झाल्या झाल्या उकळतं पाणी. तीन चुलींवर तीन हंडे खळखळत होते. स्वार घोड्यांवरून उतरून ओळीत उभे राहिले, घामाने निथळत, एकमेकांच्या पाठीत गुद्दे मारत. यमना एकेकाची बंदूक घेऊन नळीत पाणी ओतायची, घोळवायची, उलटी करायची. बादलीत शाईसारखं काळं पाणी पडायचं. मग गज, चिंध्या, चरबी. पुढचा.

बूशताची झाली. त्याच्यामागे रहाल उभा होता, बंदूक पुढे धरून.

"तुमची कशाला?" ती हलक्या आवाजात म्हणाली. "कोरडी ठणठणीत आहे."

"ओत पाणी."

"मुकद्दम, कोरड्या नळीत मी जन्मात कधी पाणी ओतलं नाही."

"ओत म्हणतो ना! बूशता बघतोय."

बूशता खरंच बघत होता, पुदिन्याचा चहा हातात घेऊन. यमनाने ओठ आवळले, कळशी उचलली आणि ओतलं. घोळवलं. नळी उलटी करायच्या आधी तिने पायाने बूशताची भरलेली काळी बादली पुढे ओढली आणि रहालचं स्वच्छ पाणी तिच्यात सोडलं. कुणाला काही दिसलं नाही.

"छान काळं निघालं," रहाल मोठ्याने म्हणाला.

"सरका," यमना म्हणाली. "पुढचा कोण आहे?"

आणि बाकीच्या बंदुका बाजूला ठेवून ती आधी ती एक नळी कोरडी करायला बसली.